हळदीच्या कॅप्सूल, डाळिंबाची साल आणि आईची केमो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आई ५६ वर्षांच्या. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, 'लाल औषधा'च्या चार केमो झाल्या, आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल चालू आहे आणि बारापैकी तीन पार पडल्या. नात्यातल्या कुणी व्हिडिओ पाठवला: हळदीतलं कर्क्युमिन कर्करोगाच्या पेशींना आत्महत्या करायला लावतं, डाळिंबाच्या सालीनंही तेच होतं, आणि गुळवेलीनं प्रतिकारशक्ती वाढते. तुम्ही मिरीचा अर्क घातलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल मागवल्या, सांगोल्याच्या शेतातल्या डाळिंबांच्या साली वाळवून पूड करून ठेवली, आणि विचारताय की यातलं काय, किती आणि कधी द्यायचं. जाता जाता एका ओळीत लिहिलंय, 'वजन ५८ चं ५२ झालंय, जेवण जात नाही.'

मला विचाराल तर खरा प्रश्न त्या एका ओळीत आहे. सहा किलो म्हणजे मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून थोडं जास्त. पेशी मारायचं काम सलाइनमधून चाललंय, ते घरी कुणी करायची गरज नाही. घरी करायचं काम वेगळंच आहे आणि ते मागे पडलंय.

तरी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देते. कॅप्सूल, सालीची पूड आणि गुळवेलीचा काढा, केमो संपेपर्यंत तिन्ही बंद. भाजीतली हळद, फोडणीतली मिरी, डाळिंबाचे दाणे खुशाल चालू द्या. मी सोलापुरात कर्करोगाच्या रुग्णांचा आहार बघते, बावीस वर्षं झाली. त्याआधी एमएस्सीला पुण्यात वर्षभर कर्करोगाच्या पेशींवर कर्क्युमिनच टाकत बसले होते. त्यामुळे व्हिडिओतला माणूस नेमका कुठे बरोबर आहे आणि कुठे घसरलाय, ते मला आतून ठाऊक आहे.

तो एका बाबतीत बरोबर आहे. पेशी खरोखरच स्वतःला संपवते. केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ मध्ये या प्रकाराला 'अपोप्टोसिस' हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी अशा गळतात. पेशीच्या आत कॅस्पेज नावाची कात्री असते, ती एरवी म्यानात असते. डीएनए फार बिघडला की पी-५३ सारखं प्रथिन हुकूम देतं, कात्री बाहेर येते, पेशी आतून तुकडे तुकडे होते आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकतात. सूज नाही, आरडाओरडा नाही. कर्करोगाची पेशी हा हुकूमच पाळायचं सोडते. केमोच्या बहुतेक औषधांचा खटाटोप तो हुकूम पुन्हा पाळायला लावण्यासाठी असतो.

कर्क्युमिननं हे प्रयोगशाळेत होतं का? होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय. ९६ खळग्यांची प्लास्टिकची ताटली असते, तळहातावर मावेल एवढी. प्रत्येक खळग्यात काही हजार पेशी. दुसऱ्या दिवशी त्यात कर्क्युमिन, वाढत्या मात्रेनं. मग एमटीटी नावाचं पिवळं द्रावण घालायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, मेलेल्या पेशींचा खळगा पिवळाच राहतो. माझ्या ताटलीत जांभळा रंग डावीकडून उजवीकडे असा सुरेख उतरत गेला होता की मी रात्री घरी फोन करून सांगितलं, हळदीनं कर्करोग मरतो. सकाळी गाइड बाईंनी ताटली उजेडाकडे धरली आणि एवढंच विचारलं, 'नुसत्या डीएमएसओचे खळगे कुठायत?'

कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून घालावं लागतं. आणि डीएमएसओ जास्त झालं तर तेही पेशी मारतं. मात्रा वाढवताना मी द्रावकही वाढवत गेले होते. प्रयोग नीट परत केला तेव्हा शेवटच्या ओळीतल्या निम्म्याहून जास्त पेशी द्रावकानंच मारल्याचं निघालं. उरलेल्या पेशी कर्क्युमिनच्या खात्यावर गेल्या, तो परिणाम खरा होता. पण त्या दिवसापासून कुठलाही दावा वाचला की मी आधी नुसत्या डीएमएसओचे खळगे शोधते. पुढे डाळिंबाच्या गोष्टीत ते परत येतील.

आता मात्रेचा हिशोब. ताटलीत आम्ही १० ते २० मायक्रोमोलर (द्रावणात रेणू किती, ते मोजायचं एकक) कर्क्युमिन वापरायचो. तैवानमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना रोज ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन तोंडानं दिलं, तेव्हा रक्तातली सर्वांत वरची पातळी सरासरी १.७७ मायक्रोमोलर भरली, तीही घेतल्यावर तास-दोन तासांनी, आणि मग उतरत गेली. हळदीत कर्क्युमिन सुमारे ३ टक्के. म्हणजे ८ ग्रॅमसाठी दिवसाला पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल, आणि तरी ताटलीतल्या मात्रेच्या जवळपासही पोचणार नाही. सांगलीची कितीही उत्तम हळद आणा, आतडं ती आत घेत नाही आणि जे आत जातं ते यकृत लगेच बाहेर काढतं. ताटलीत आतडं नसतं, यकृतही नसतं.

म्हणून तर कॅप्सूलवाल्यांनी मिरीचा अर्क घातला. त्याला आधार आहे. बंगळूरमधल्या संशोधकांनी १९९८ साली माणसांत २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरिन दिलं, तेव्हा शोषण २,००० टक्क्यांनी वाढलं. हा आकडा प्रत्येक जाहिरातीत असतो. तो वाढतो कसा, ते मात्र जाहिरातीत नसतं. पिपरिन आतड्यातली आणि यकृतातली सफाईची यंत्रणा मंदावतं, विशेषतः सीवायपी-३ए-४ हे एन्झाइम आणि पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप. तुमच्या आईंच्या पॅक्लिटॅक्सेलची विल्हेवाट ज्या वाटांनी लागते त्यात या दोन्ही येतात. सफाई कामगारांना सुट्टी दिली तर फक्त हळदच उरेल असं थोडंच आहे? औषध अंगात जास्त वेळ राहिलं की पायांना-बोटांना मुंग्या वाढणं, पांढऱ्या पेशी घसरणं, हे आलंच. डॉक्टरांनी मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजून दिलेली असते, आपण ती नकळत हलवायची नाही.

कर्क्युमिन आणि केमो एकत्र आल्यावर काय होतं, याचे पुरावे दोन्ही बाजूंचे आहेत. २००२ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये कर्क्युमिननं केमोमुळे होणारा पेशीमृत्यू उलट अडवला, आणि आहारातून कर्क्युमिन दिलेल्या उंदरांमध्ये सायक्लोफॉस्फामाइडचा परिणाम कमी झाला. (लाल औषधाबरोबर आईंना जे दुसरं औषध दिलं जात होतं ते बहुधा हेच, फाईल बघा.) याउलट आर्मेनियातल्या २०२० च्या चाचणीत, पुढच्या टप्प्यावरच्या १५० स्त्रियांपैकी निम्म्यांना पॅक्लिटॅक्सेलबरोबर कर्क्युमिन शिरेतून दिलं, तेव्हा गाठ आकसण्याचं प्रमाण ५१ टक्के आलं आणि नुसत्या पॅक्लिटॅक्सेलच्या गटात ३३ टक्के. मला हा अभ्यास आवडला. पण ते शिरेतून, मोजून, देखरेखीखाली दिलेलं औषध होतं. तुमच्या डबीतली कॅप्सूल म्हणजे ते नव्हे.

आणि एक गंमत सांगू? झाडपाल्यात ताकद आहे की नाही यावर भांडायचं कारणच नाही, कारण आईंच्या सलाइनमध्ये आत्ता जे जातंय ते मूळचं झाडाचंच आहे. पॅक्लिटॅक्सेल सापडलं पॅसिफिक यू या झाडाच्या सालीत. सापडवणाऱ्या दोघांपैकी एक आपल्या नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी, दुसरे मनरो वॉल. रचना प्रसिद्ध झाली १९७१ मध्ये, आणि अमेरिकेत औषध म्हणून पहिली मान्यता मिळाली १९९२ मध्ये. मधली एकवीस वर्षं साल उकळून पाजण्यात गेली नाहीत. रेणू वेगळा काढणं, तो पाण्यात विरघळत नाही म्हणून वाहक शोधणं, मात्रा ठरवणं, वाहकाची अॅलर्जी येते म्हणून आधी स्टिरॉइड देणं, यात गेली. आपल्या अंगणातल्या सदाफुलीचं तेच. तिच्यापासून व्हिन्क्रिस्टिन मिळतं, पण टनभर वाळलेल्या पानांतून जेमतेम काही ग्रॅम. सदाफुलीची पानं चावून खाणारे काका मला दर दोन-तीन वर्षांनी भेटतात. त्यांच्या पोटात औषध जात नाही, जुलाब मात्र लागतात.

आता डाळिंब. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असलेल्या जिल्ह्यात राहून डाळिंबाबद्दल वाईट बोलणं अवघड आहे, आणि मला बोलायचंही नाही. २००६ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ४६ रुग्णांना रोज डाळिंबाचा रस दिला. पीएसए (हा आजार वाढतोय का ते दाखवणारा रक्तातला आकडा) दुप्पट व्हायला आधी सरासरी १५ महिने लागायचे, रसानंतर ५४ महिने लागू लागले. जगभर बातमी झाली. पण त्या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता. नुसत्या डीएमएसओचे खळगे नव्हते! मग त्याच संशोधकांनी पुन्हा १८३ रुग्ण घेतले, काहींना रस, काहींना अर्क आणि काहींना तसंच दिसणारं खोटं पेय दिलं. निकाल २०१५ मध्ये आला. खोटं पेय पिणाऱ्यांचाही काळ ११.१ महिन्यांवरून १५.६ वर गेला होता, आणि गटांमध्ये ठोस म्हणावा असा फरक उरला नाही. पहिला अभ्यास खोटा नव्हता, अर्धा होता. व्हिडिओत तुम्हाला २००६ दिसेल, २०१५ दिसणार नाही.

सालीबद्दल तर मी तुम्हालाच विचारेन, तुम्ही शेतकरी आहात. तेल्या रोगासाठी मारलेलं बोर्डो मिश्रण, स्ट्रेप्टोसायक्लिन, शिवाय किडींची फवारणी, हे सगळं बसतं कुठे? सालीवरच ना? त्यात टॅनिन इतकं की आधीच न जाणारं जेवण आणखी जाणार नाही आणि पोट कडक होईल. दाणे घरी फळ धुऊन, घरी सोलून द्या. रस्त्यावरचा रस नको.

प्रतिकारशक्तीवर जरा थांबते, कारण या शब्दाइतका घोळ दुसऱ्या कुठल्या शब्दानं केला नसेल. तुम्ही 'वाढवायची' म्हणता ती नेमकी कुठली? एक, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या. ती केमोनं पडते आणि दोन केमोंच्या मधल्या दिवसांत बोनमॅरो ती परत भरून काढतो. प्रथिनं पोटात गेली तर त्याला बळ मिळतं, आणि फारच पडली तर डॉक्टर इंजेक्शन देतात. दुसरी, टी-पेशींची, म्हणजे बिघडलेल्या पेशी हेरून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींची, कर्करोग ओळखायची क्षमता. तिथे अडचण शक्तीची नसतेच, ब्रेकची असते. गाठ टी-पेशींचा ब्रेक दाबून धरते. तो ब्रेक सोडवायची वाट दाखवल्याबद्दल जेम्स अॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. ही औषधं महाग. पण मुंबईच्या टाटा मेमोरियलनं तोंड-घशाच्या पुढे गेलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब या ब्रेक सोडवणाऱ्या औषधाची फक्त २० मिलिग्रॅमची मात्रा, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, स्वस्त गोळ्यांच्या केमोला जोडून दिली. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ वर गेलं. मावा-मिश्रीच्या आपल्या भागासाठी ही हळदीच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा मोठी बातमी आहे, पण ती कुणी फॉरवर्ड करत नाही. ब्रेक सरसकट सुटला तर काय होतं तेही याच औषधांनी दाखवलं: टी-पेशी आतड्यावर, थायरॉइडवर, फुप्फुसावर तुटून पडतात. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली, असं नसतं.

पेशीमृत्यू आणि प्रतिकारशक्ती यांचं नातं मात्र खरं आहे आणि फार सुंदर आहे. पानगळीसारखी गुपचूप मेलेली पेशी प्रतिकारशक्तीला कळतही नाही. पण काही औषधांनी मरणारी पेशी मरण्याआधी आतलं कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन पृष्ठभागावर आणते, जणू दारावर लाल कापड बांधते, आणि ते बघून भक्षक पेशी तिला गिळून तिची ओळख टी-पेशींना करून देतात. हे २००७ मध्ये दाखवलं गेलं, आणि असं करणाऱ्या औषधांत अँथ्रासायक्लिन गट आहे, म्हणजेच आईंचं लाल औषध. तुम्ही गुळवेलीकडून जे मागताय ते त्या चार केमोंनी आपल्या परीनं केलेलं आहे.

अन्नातला एखादा घटक टी-पेशींना मदत करेल का? यावर चांगलं काम चाललंय. डाळिंबातल्या टॅनिनपासून आतड्यातले जंतू युरोलिथिन-ए बनवतात, आणि २०२२ मध्ये जर्मन संशोधकांनी उंदरांत दाखवलं की त्यानं टी-पेशींची दमछाक कमी होऊन त्या गाठीशी जास्त चांगल्या लढतात. मात्र ते बनवणारे जंतू प्रत्येकाच्या पोटात नसतात. अन्नातल्या तंतूंचंही (फायबर) तसंच. मेलेनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या, ब्रेक सोडवणारं औषध घेणाऱ्या रुग्णांमध्ये रोज २० ग्रॅमपेक्षा जास्त तंतू खाणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. हा २०२१ चा अभ्यास. त्यातच दुकानातल्या प्रोबायोटिक गोळ्यांचा फायदा दिसला नाही. ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅमला साधारण १० ग्रॅम तंतू, म्हणजे मालदांडीच्या दोन भाकरी आणि वाटीभर उसळ यांत बरंचसं काम होतं. पण आईंना ते औषध चालू नाही, त्यामुळे हा निष्कर्ष उचलून त्यांच्यावर लावू नका.

गुळवेलीचं एवढंच सांगते. कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वादात कोण बरोबर ते बाजूला ठेवा. माझ्याकडे एक काकू होत्या, त्यांनी काढा सुरू केला आणि एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारा रक्तातला आकडा) इतकं चढलं की केमो तीन आठवडे पुढे गेली. दोष गुळवेलीचा होता की काढ्यातल्या आणखी कशाचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण पुडीवर घटकच लिहिले नव्हते. तीन आठवडे मात्र गेले ते गेलेच. माझा सगळा मुद्दा इथे आहे: केमो ठरल्या दिवशी, ठरल्या मात्रेत व्हावी, आणि ती सोसायला अंगात मांस असावं. घरच्या स्वयंपाकघराचं काम तेवढंच, आणि ते छोटं नाही.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत. मधुमेह आहे का (पॅक्लिटॅक्सेलआधीच्या स्टिरॉइडनं साखर वर जाते), हर-२ चं (स्तनाच्या काही गाठींवर जास्त असणाऱ्या प्रथिनाविरुद्धचं) इंजेक्शन चालू आहे का, तोंड आलंय का, जुलाब आहेत की बद्धकोष्ठ, मूत्रपिंड कसं आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मूत्रपिंडाची तक्रार असेल तर खालची प्रथिनांची गोष्ट आधी डॉक्टरांना विचारूनच.

५२ किलोच्या बाईला रोज किलोमागे एक ते दीड ग्रॅम, म्हणजे ५२ ते ७८ ग्रॅम प्रथिनं हवीत. तुमच्या घरच्या जेवणाचा अंदाज बांधला तर आत्ता पस्तीसही जात नसतील. तीन मोठ्या जेवणांचा नाद सोडा, दर अडीच तासांनी वाटीभर काहीतरी. केमोच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी स्टिरॉइडमुळे भूक बरी असते, ते दोन दिवस वसूल करा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंग गळतं, तेव्हा पातळ पदार्थ. अंडी खात असतील तर रोज दोन, पूर्ण उकडलेली. कडक भाकरी आमटीत किंवा दुधात चुरून, भिजेपर्यंत थांबून. शेंगाची चटणी बंद करायला सांगणार नाही, सोलापूरच्या माणसाला ते सांगायचं म्हणजे पाप आहे, पण तिखट न घालता कुटा. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. दाणे निवडून घ्या, बुरशीचा, काळपट, कडू दाणा फेका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे यकृताच्या कर्करोगाचं सिद्ध झालेलं कारण आहे, इथे 'असेल-नसेल' काही नाही.

हातानं काहीतरी करायचंच असेल, आणि तुमच्या प्रश्नात मला तीच तळमळ दिसली, तर रोज सकाळी आंबील करा. दोन चमचे ज्वारीचं पीठ अर्धी वाटी ताकात कालवायचं, दीड वाटी पाण्याला आधण आणून त्यात ओतायचं आणि घट्टसर होईपर्यंत ढवळत शिजवायचं. उतरवताना दोन मोठे चमचे दाण्याचं कूट, मीठ, जिरं आणि चिमूटभर हळद. हो, हळद. तोंड आलं असेल तर कोमट करून, नाहीतर गरम.

दर सोमवारी सकाळी, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा. अंगात १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप भरला तर काढा करत बसू नका, रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा. आणि चौथ्या केमोला जाताना कॅप्सूलची डबी, सालीची पूड, जे जे घरात आणलंय ते सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. रागावतील म्हणून लपवू नका. आईंना आत्तापर्यंत काही दिलं गेलं असेल तर कुठल्या तारखेपासून, तेही सांगा, आणि यकृताची तपासणी त्याच दिवशीच्या रक्तात करून घ्या.